वस्तीचे दारिद्र्य आणि बालकांचे यकृत

(हिंगोली येथे सेवाकार्यातील कार्यकर्ते आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांना थोडे नवल वाटले असेल. दारिद्र्य आणि बालकांचे आरोग्य असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हातापायांच्या काड्या झालेले कुपोषित बालक येते. ‘फॅटी लिव्हर’ म्हटले की पोट सुटलेला, पन्नाशी गाठलेला, सुखवस्तू गृहस्थ आठवतो. या दोन चित्रांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे आणि तो दिवसेंदिवस घट्ट होत चालला आहे, एवढेच आज मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

हिंगोलीत हा विषय मांडणे अगत्याचे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातील बहुसंख्य समाज खेड्यात राहणारा. २००६ साली केंद्र सरकारने देशातील सर्वांत मागास २५० जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातील १२ जिल्ह्यांत हिंगोलीचे नाव होते. वसमतची हळद देशभर जाते, औंढ्याच्या नागनाथाला देशभरातून भाविक येतात. पण याच जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा जिल्ह्यात यकृतातील चरबीची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असे कोणी समजू नये.

यकृतात चरबी का साठते?

यकृत हे शरीराचे कोठार आणि कारखाना दोन्ही आहे. आपण खाल्लेले अन्न आतड्यांतून रक्तात उतरले की पहिल्यांदा यकृतात येते. तेथे त्याची छाननी होते, साठवण होते, गरजेप्रमाणे वाटप होते. निरोगी यकृतात चरबी असते ती नाममात्र. तिचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की त्यास ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. मद्याशी काही संबंध नसलेल्या या विकाराला अनेक वर्षे ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ असे नाव होते. २०२३ साली जगभरातील तज्ज्ञांनी ते बदलून चयापचयाशी जोडलेले नवे नाव दिले, कारण या विकाराचे मूळ शरीराच्या चयापचयात आहे.

साखरेचा येथे मोठा वाटा आहे. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज शरीरातील सर्व पेशी वापरू शकतात. फ्रुक्टोजचा भार मात्र मुख्यतः यकृतावर पडतो. ते भराभर आणि वारंवार येत राहिले, तर यकृत त्याची चरबी बनवू लागते. एका २०० मिलिलिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत चार चमचे किंवा त्याहून अधिक साखर असते. लहान मूल ती पाच मिनिटांत संपवते.

हा विकार बोलत नाही, हीच त्याची मोठी अडचण. मूल खेळते, हसते, शाळेत जाते. क्वचित पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा, थोडा थकवा, एवढेच. तिकडे आत काही मुलांच्या यकृताला सूज येते, पुढे व्रण धरू लागतात, आणि व्रण वाढत गेले की तारुण्यातच यकृत निकामी होण्याची वेळ येऊ शकते. प्रत्येक मुलाचे असे होत नाही, हेही तितकेच खरे. परंतु मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट येथूनच निघते, म्हणून दुर्लक्ष परवडणारे नाही.

दारिद्र्याच्या दोन वाटा

यकृतातील चरबी आणि गरिबी यांचे नाते नवे नाही. १९३३ साली डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील बालकांच्या एका आजाराचे वर्णन केले. अंगावर सूज, केस विटलेले, पोट पुढे आलेले. पुढे तो ‘क्वाशिओरकोर’ या नावाने जगाला कळला. या उपाशी मुलांचे यकृत चरबीने भरलेले असते. यकृतातील चरबी बाहेर वाहून नेण्यासाठी प्रथिनांची गाडी लागते. आहारात प्रथिनेच नसतील तर गाडी निघत नाही आणि चरबी आतच पडून राहते.

ही झाली अभावाची जुनी वाट. आजची वाट वेगळी दिसते. मुलाच्या पोटात काही ना काही जाते आहे. पण जे जाते त्यात मैदा, साखर, मीठ आणि स्वस्त तेल यांचाच भरणा आहे, आणि डाळ, दूध, भाजी, फळ यांचा अभाव पूर्वीसारखाच आहे. अशा आहाराने उष्मांक वाढतात, पोषण वाढत नाही. एकाच घरात एक भाऊ खुरटलेला आणि दुसरा स्थूल आढळतो, आणि दोघांचेही मूळ एकच असते.

आकडे हेच सांगतात. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. त्याच पाहणीत वजन जास्त असलेल्या बालकांचे प्रमाण आधीच्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेले. २०१६ ते १८ या काळात केंद्र सरकारने बालकांच्या पोषणाची सर्वंकष पाहणी केली. तीत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ३४ टक्के मुलांच्या रक्तात ‘ट्रायग्लिसराइड’ ही चरबी प्रमाणाबाहेर आढळली. याच वयाच्या मुलांत वजन जास्त असणारी मुले मात्र अवघी चार टक्क्यांच्या आसपास होती. याचा अर्थ असा की बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या असंख्य मुलांच्या रक्तात बिघाड सुरू झाला आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

फॅटी लिव्हरविषयी भारतात झालेल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेल्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांच्या यकृतात चरबी आढळली. स्थूल मुलांत हे प्रमाण ६३ टक्के होते. स्थूल नसलेल्या मुलांतही ते १२ टक्के होते. यातील बरेच अभ्यास रुग्णालयांत आलेल्या मुलांचे आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या गावाला लावता येणार नाही. पण सडपातळ मुलांतील ते १२ टक्के आपण विसरू नयेत.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

सडपातळ मुलाच्या यकृतात चरबी कशी, याचे उत्तर शोधण्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन होते २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बारीक होती, त्यांचे स्नायू कमी होते; पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे हे भारतीय बाळ. मातेच्या पोटात अन्नाची टंचाई असताना गर्भ जणू पुढच्या दुष्काळाची तयारी करतो. पुढे दुष्काळाऐवजी त्याला मिळतो तो साखर-मैद्याचा सुकाळ, आणि ती तयारीच त्याच्या अंगावर उलटते.

डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर आपण किती विसंबावे, हे यावरून कळते.

म्हणून या विकाराची सुरुवात मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा येण्याच्या कितीतरी आधी होते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आहे. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झालेला आहे. सोळा-सतरा वर्षांची, स्वतःच न वाढलेली मुलगी माता होते, तेव्हा तिच्या बाळाच्या यकृताचे भवितव्य बरेचसे ठरून गेलेले असते. बालविवाह रोखणे हे यकृताचे रक्षण आहे, असे मी म्हटले तर आपण त्यास अतिशयोक्ती समजू नये.

घराचे नव्हे, वस्तीचे दारिद्र्य

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गरिबी म्हणजे एका घराचे उत्पन्न, असे आपण धरून चालतो. परंतु मूल वाढते ते वस्तीत. दोन कुटुंबांचे उत्पन्न सारखे असले, तरी एकाच्या दाराशी खेळायला मैदान आहे, स्वच्छ पाणी आहे, भाजीची हातगाडी येते; दुसऱ्याच्या दाराशी गटार, भरधाव रस्ता आणि पुड्यांच्या माळा लटकवलेली टपरी आहे. या दोन मुलांचे शरीर सारखे घडणार नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी अलीकडे रुग्णाच्या पत्त्यावरून त्याच्या परिसराच्या वंचिततेचे मोजमाप करून बालकांतील फॅटी लिव्हरशी ते ताडून पाहण्यास आरंभ केला आहे, आणि वंचित परिसराचा या विकाराशी संबंध त्यांना दिसू लागला आहे. डॉक्टरांच्या कागदावर मुलाचे वय आणि वजन असते. त्याचा पत्ताही तितकाच बोलका असतो.

आपल्या सेवावस्तीतील एका मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. आई-बाप पहाटे कामावर जातात. चूल पेटवायला वेळ नाही. मुलाच्या हातात पाच रुपयांचे नाणे ठेवले जाते. पाच रुपयांत दूध येत नाही, केळे मिळाले तर एखादे. पुडा मात्र हमखास येतो, तो रंगीत असतो, नासत नाही, शिजवावा लागत नाही आणि भूक काही काळ मारतो. आईने येथे निष्काळजीपणा केला असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्यापुढे जे पर्याय ठेवले गेले, त्यातला सर्वांत स्वस्त आणि सोपा तिने निवडला. संध्याकाळी खेळायला जागा नाही, म्हणून मूल पत्र्याच्या खोलीत मोबाईलसमोर बसते. रात्री उकाड्याने, गोंगाटाने झोप अपुरी होते. अपुऱ्या झोपेनेही चयापचय बिघडतो.

खेड्यात वेगळे घडले आहे, पण परिणाम तोच. मराठवाड्याचे ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. गेल्या दोन-तीन दशकांत शेतातील ज्वारी हटली आणि सोयाबीन आले. शेतकऱ्याला नगदी पैसा हवा होता, त्याचे गणित चुकले असे म्हणता येत नाही. परंतु ज्वारीबरोबर बांधावरची तूर, मूग आणि रानभाज्याही ताटातून मागे सरकल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य आले, उपासमार टळली, हे मोठेच काम झाले. पण भात आणि पोळी यांनी ताट भरले तरी डाळ-भाजीची जागा रिकामीच राहते. आणि जे कुटुंब ऊसतोडीला जाते, त्याच्या मुलाची अंगणवाडीही सुटते, शाळेतील पोषण आहारही सुटतो. साखरेसाठी ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला आधार उरतो तो चहा-बिस्किटांचा.

पितळी भांड्याची हकिकत

हे सारे ऐकून मन खिन्न होईल. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक हकिकत सांगतो. साधारण १९८० च्या दशकापर्यंत आपल्याकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ असे त्याचे नाव. यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक बालके दगावत. दैव, आनुवंशिकता, दृष्ट अशी नाना कारणे सांगितली जात.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या यकृताबरोबर त्यांच्या स्वयंपाकघराचीही चौकशी केली. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड होते. बाळाला लवकर वरचे दूध सुरू केलेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले, साठवले जात होते. भांड्यातले तांबे दुधात उतरत होते. १९८३ साली हा विचार ‘लॅन्सेट’मध्ये मांडला गेला. पुढे आईचे दूध देण्याचा आणि दुधाचे भांडे बदलण्याचा सल्ला घरोघर गेला, स्टीलची भांडी रुळली आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

त्या मातांनी काय अपराध केला होता? त्यांनी घरातले चांगले भांडे बाळासाठी वापरले होते. रोग भांड्यात होता, भांडे समाजाच्या रीतीत होते, आणि समाजाने रीत बदलली तेव्हा मुले वाचली. आज ते पितळी भांडे आपल्या टपरीवर पुड्याच्या रूपाने लटकते आहे.

आपण काय करू शकतो?

हा विकार पालटतो, हे आधी सांगितले पाहिजे. २०१९ साली अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांच्या आहारातील वरची साखर आठ आठवडे अगदी कमी केली. त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. उरलेल्या मुलांत ती २१ वरून २० एवढीच झाली. या प्रयोगात त्या मुलाबरोबर त्याच्या सबंध घराला तसेच जेवण पुरवले होते. एकट्या मुलाला पथ्य सांगून भागत नाही, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते.

सरकारनेही पावले उचलली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला गेला, सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना निघाल्या. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. परंतु त्या कार्यक्रमातील नेहमीची तपासणी तिशीनंतरच्यांसाठी आहे. बालकाला शोधून काढण्याचे काम कोणाला तरी वस्तीत जाऊनच करावे लागेल. यासाठी काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट मोजमापाची. आपल्या अभ्यासिकेत, संस्कारवर्गात वर्षातून दोनदा मुलांची उंची, वजन आणि कंबर मोजावी. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, किंवा मानेवर मळासारखा काळा जाड पट्टा असून तो घासून जात नसेल, तर त्या मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. ‘मान धुत नाहीस का?’ असे त्याला सर्वांदेखत विचारू नये. डॉक्टर बहुधा ‘एसजीपीटी’ ही रक्ततपासणी सांगतील. अहवालावर छापलेली मर्यादा अनेकदा प्रौढांची असते; मुलांसाठी तज्ज्ञ मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ एवढीच मर्यादा धरतात. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसत नाही, हेही ध्यानात असावे. अंगणवाडी आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याच्याशी संपर्क ठेवावा.

दुसरी गोष्ट शाळेच्या दाराची. जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा केंद्राचा नियम २०२० सालचा आहे. तो किती शाळांबाहेर पाळला जातो, हे आपण येताजाता पाहतोच. टपरीवाला हाही वस्तीतलाच गरीब माणूस आहे. त्याच्यावर धाड घालण्यापेक्षा फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले चणे, केळी तो विकू लागेल आणि त्याचा धंदाही चालेल, असा प्रयत्न शाळा समितीने करावा.

तिसरी गोष्ट आपल्याच घराची. मुलाचा वाढदिवस सेवावस्तीत साजरा करावा, ही चांगली प्रथा मध्यमवर्गीय कुटुंबांत रुजली आहे. तेथे बहुधा बिस्किटांचे पुडे, चॉकलेट आणि सरबत वाटले जाते. आपला हेतू निर्मळ असतो. पण जे त्या मुलांना रोज मिळते आणि जे त्यांना अपायकारक आहे, तेच आपण दान म्हणून देतो. त्याऐवजी फळे द्या, भाजलेले शेंगदाणे द्या, वस्तीतील आयांबरोबर बसून ज्वारीची भाकरी आणि पिठले करा. एक खुलासा करतो : गूळ ही यकृताच्या दृष्टीने साखरच आहे. तो देशी आहे म्हणून पोते रिकामे करू नये.

चौथी गोष्ट मैदानाची. मुलाने दिवसाकाठी निदान तासभर घाम येईपर्यंत खेळावे, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या कार्यकर्त्याला एक तास मैदानावर घालवण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. प्रश्न आहे तो मैदान उरण्याचा. वस्तीतील मोकळी जागा अतिक्रमणापासून राखणे, तेथे दिवा आणि पाणी मिळवणे, आणि मुलींनाही तेथे निर्भयपणे खेळता येईल असे पाहणे, हे आरोग्याचेच काम आहे.

शेवटी औषधाविषयी. मुलांसाठी या विकारावर आहार, खेळ आणि झोप यांच्या तोडीचा दुसरा उपाय आज नाही. वाढत्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवू नये. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसा घालवू नये. आपण हळदीच्या जिल्ह्यात बसलो आहोत म्हणून आवर्जून सांगतो : भाजी-आमटीतली हळद उत्तम, पण हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याखेरीज मुलाला असे काही देऊ नये.

नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान आपल्याच जिल्ह्यात आहे. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. भुकेल्याच्या तोंडी घास गेला, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. तो कोरडा घास आहे, ही त्यांची तळमळ होती. आपल्या वस्तीतील मुलाच्या तोंडी आज घास जातो आहे. तो कशाचा आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या महिन्यात प्रत्येकाने एका वस्तीत जावे, तेथील आयांशी बोलावे, मुले काय खातात आणि कोठे खेळतात ते वहीत टिपावे. कामाला तेथून सुरुवात करू.